मी टाकून दिलेली मापं

माझ्या बायकोच्या तेराव्याला तिचा धाकटा भाऊ एक वही घेऊन पाहुण्यांत फिरत होता. वही माझी होती. तिच्यात मी हिच्या ब्लडप्रेशरची मापं लिहिलेली, पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वरचा आकडा, खालचा आकडा, वेळ. "बघा, दाजींनी कसं केलंय," तो एकेकाला सांगत होता. "आपल्यात कुणी बायकोचं असं करतो का?" बायका पानं उलटून पाहत होत्या. एक म्हातारी म्हणाली, नशीबवान गेली. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच. पण मान खाली गेली ती त्याने नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मूळ मोरिवलीचा. शेतांच्या जागी कारखाने आले आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या काहींना आत नोकरी मिळाली, त्यात मी होतो. एकतीस वर्षं एकाच खात्यात काढली. रंगाचे डबे भरायचं खातं. माझं काम वजनाचं. दर अर्ध्या तासाने पट्ट्यावरून पाच डबे उचलायचे, तोलायचे, पाचांची सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या जागी टिंब द्यायचं. तक्त्यावर वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ. टिंब दोन्हींच्या मध्ये पडलं तर ठीक. बाहेर गेलं तर मशीन थांबवून साहेबाला बोलवायचं, असा नियम.

आता मशीन थांबवलं की काय होतं ते आत काम केलेल्यालाच कळेल. माल कमी निघतो, सगळी पाळी तुमच्याकडे डोळे वटारून बघते आणि साहेब चार माणसांत आईबहीण काढतो. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. ती मला पहिल्याच दिवशी जुन्या कामगाराने शिकवली. "पाच उचल. एखादा वाकडा निघाला तर तो परत पट्ट्यावर सोड आणि दुसरा घे. टिंब लाइनीत बसलं पाहिजे."

मी विचारलं, "मग खरं वजन?"

"खरं वजन डब्यात असतं. तक्त्यावर कशाला पाहिजे?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढे एकतीस वर्षं मी तेच केलं आणि माझ्या हाताखाली आलेल्यांना तेच शिकवलं. साहेबांना माहीत होतं. वरून तपासायला माणसं यायची, ती माझे तक्ते बघून मान डोलवायची. एकाही तक्त्यात लाल रेघ ओलांडलेली नाही. मला त्याची कधी लाज वाटली नाही. चार-आठ ग्रॅम रंग कमी-जास्त, त्याने कुणाचं काय वाकडं होणार होतं.

हिला ब्लडप्रेशर निघालं त्याला सहा वर्षं झाली असतील. एक बारीक गोळी चालू होती. मागच्या वर्षी गणपती झाल्यावर हिचं डोकं जड व्हायला लागलं, म्हणून आमच्या कात्रपच्याच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिथे बघितलं तर जास्त निघालं. म्हणाले, "दवाखान्यात आलं की काहींचं वाढतंच. काका, एक मशीन घ्या. घरी पंधरा दिवस दोन वेळा बघा आणि सगळं लिहून आणा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या वर राहत असेल तर गोळी वाढवू."

त्यांनी आकडा सांगितला आणि माझ्या डोक्यात लाल रेघ पडली. आज इतकं नीट सांगू शकतो, तेव्हा मला ते कळलंही नव्हतं.

मशीन मी उल्हासनगरला जाऊन आणलं. तिथल्या सिंधी दुकानदाराने दंडाला पट्टा बांधून दाखवला. "काका, एक दफा में भरोसा मत करना. दो-तीन दफा नापो, फिर बीच का पकडो." माणूस चांगलं सांगत होता. मी त्यातलं दोन-तीन वेळा तेवढं घेतलं.

पहिल्या सकाळी ही ओट्यापाशी होती. हाक मारली, पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न.

"अहो, आत्ता कूकर उतरवून आले मी. धापा टाकतेय. परत लावा."

म्हटलं खरं आहे. परत लावलं. एकशे सत्तेचाळीस. मग मी म्हटलं, बोलू नको, डोळे मीट, पाय खाली सोड. तिसऱ्यांदा एकशे अडतीस. ते लिहिलं.

तिलाही गोळी वाढवायची नव्हती. आधीच्याच गोळीने तिचे पाय सुजायचे. म्हणायची, "अजून वाढवली तर पाय चपलेत मावायचे नाहीत. मग अनवाणी फिरवा मला कात्रपभर." पण मी तिच्यावर ढकलत नाही. पेन माझ्या हातात होतं. पट्टा मी बांधत होतो. जास्त आलं की माझा हात आपोआप बटणावर जायचा, जसा तिकडे डबा बदलायला जायचा. एकशे चाळीसच्या आत आलं की मी थांबायचो आणि लिहायचो. एकदा, दहा-अकरा दिवस झाले असतील, ती हसत म्हणाली, "मी काय डबा आहे का तुमचा, लाइनीत बसवायला?"

मी म्हटलं, "गप बस, वाढतंय बोलल्याने."

पंधरा दिवसांनी वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी एकेका ओळीवर बोट फिरवलं. "वा काका, किती व्यवस्थित लिहिलंय. असे पेशंट असते तर आमचं काम सोपं झालं असतं. तीच गोळी चालू ठेवा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तपासणीवाल्यांनी तक्त्यापुढे मान डोलवली की वाटायचं तसंच वाटलं. घरी येऊन मशीन हिच्या साड्यांच्या कपाटात ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी ही भाजी निवडता निवडता एका अंगावर कलली. डोक्यात रक्तस्राव. चौथ्या दिवशी गेली.

मुलगा तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन बसला होता. प्रेशर ठीक होतं, वही सांगते ठीक होतं, मग आईच्या डोक्यातली नस फुटली कशी? त्याचं त्याने उत्तर काढलं. गोळी चुकीची दिली, नाहीतर दुसरं काही होतं ते डॉक्टरने बघितलंच नाही. डॉक्टरविरुद्ध वर तक्रार करायची त्याने ठरवलं. चार पानी अर्ज लिहिला, सोबत वहीच्या पानांचे फोटो. मला वाचून दाखवला. मी म्हटलं, जाऊ दे रे, आई काय परत येणार आहे. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी आणि तो माणूस असाच सुटणार?"

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

माझी सून अंबरनाथला ऑफिसात जाते आणि घरून पुढची डिग्री करते. तिच्या परीक्षेला संख्याशास्त्राचा पेपर आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती टेबलावर पुस्तक घेऊन बसली होती, तेव्हा मुलगा म्हणाला, "ते तू करतेस ना, खात्रीने सांगता येतं असं काहीतरी, ते आईच्या वहीवरून काढ. अर्जात घालतो. नुसती वही दाखवली तर म्हणतील अंदाज आहे."

"कॉन्फिडन्स इंटरव्हल," ती म्हणाली. पुस्तकात त्याला विश्वास अंतराल लिहिलंय. मी त्याला पट्टाच म्हणतो. तिने वहीतली तीस मापं फोनमध्ये भरली आणि दहा मिनिटांत सांगितलं. वरच्या आकड्याची सरासरी एकशे चौतीस आणि पट्टा साधारण एकशे साडेबत्तीस ते एकशे साडेपस्तीस. पंच्याण्णव टक्के.

"म्हणजे एकशे चाळीसच्या जवळपासपण नाही," मुलगा म्हणाला. त्याने ते लगेच अर्जात लिहिलं.

मी विचारलं, "तीसच मापं आणि एवढी खात्री? कशावरून?"

सुनेला बरं वाटलं असावं, ही गेल्यापासून मी कशात लक्ष घालत नव्हतो. तिने खुर्ची ओढून दिली. "बाबा, आईंचं प्रेशर आपण पंधरा दिवस मिनिटामिनिटाला मोजू शकलो असतो तर जी सरासरी आली असती ती खरी. ती आपल्याला कधीच मिळत नाही. आपल्याकडे मूठभर मापं. मग एक आकडा छातीठोक सांगण्यापेक्षा म्हणायचं, इथून इथपर्यंत कुठेतरी असेल."

"आम्ही डब्यांची काढायचो सरासरी."

"मग तुम्हाला सोपं जाईल. सरासरी काढलीत. आता मापं सरासरीपासून साधारण किती लांब पळतात ते बघायचं. याला पसारा म्हणा. आईंचा पसारा चार. मग मापं किती आहेत त्याचं वर्गमूळ, तीसचं साडेपाच. चारला साडेपाचने भागा, पाऊणच्या आसपास येतं. त्याची दुप्पट दीड. सरासरीच्या खाली दीड, वर दीड. झाला पट्टा."

"दुप्पटच का?"

"पंच्याण्णव टक्क्यांसाठी दुप्पट. नेमका आकडा पुस्तकातल्या तक्त्यात बघतात, पण तीस मापांना दोन धरलं तरी चालतं."

"म्हणजे खरी सरासरी या पट्ट्यात असायची शक्यता पंच्याण्णव टक्के."

ती हसली. "सगळे असंच म्हणतात, मीपण म्हणायचे. सरांनी मार्क कापले. या एका पट्ट्यात ती आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. पंच्याण्णव आहे ते रीतीला. अशी तीस-तीस मापं शंभर वेळा घेऊन शंभर पट्टे काढले, तर त्यातल्या पंच्याण्णवच्या आसपास पट्ट्यांत खरी सरासरी सापडते. आपला त्यातला की उरलेल्या पाचातला, ते कळायची सोय नाही."

मी म्हटलं, एवढं मोठं पुस्तक आणि शेवटी कळायची सोय नाहीच. ती म्हणाली, निदान किती कळत नाही ते तरी कळतं. मग पुस्तक मिटता मिटता सहज म्हणाली, "फक्त मापं जशी आली तशी घ्यायला हवीत. निवडून घेतली की सगळं फुकट."

"निवडली तर काय होतं?"

"पट्टा मस्त अरुंद येतो आणि साफ खोटा असतो. गणितात कुठे चूक दिसतच नाही." तिने वर बघितलं. "का हो?"

"काही नाही. विचारलं."

त्या रात्री झोप आली नाही हे लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेले तसं मी हिचं कपाट उघडलं. मशीन साड्यांखाली होतं. टीव्हीच्या रिमोटमधले सेल त्यात घातले. दुकानदाराने सांगितलेलं मला आठवत होतं, काका, ये सब याद रखता है, नव्वद तक. मी ते तेव्हा कानाआड केलं होतं. बटण दाबलं. सगळ्यात शेवटचं माप आधी आलं, मग मागे मागे जात राहिलं. तारीख, वेळ, आकडा. सकाळचे सात सतरा, एकशे अडतीस. सात तेरा, एकशे सत्तेचाळीस. सात सतरा, एकशे अडतीस. कूकरची सकाळ सगळ्यात शेवटी आली. एकूण एकाहत्तर मापं निघाली. वहीत तीस.

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर उतरवली. तीसपैकी बावीस वेळा मी पहिलं माप टाकून दिलं होतं. मला वाटायचं पाच-सात वेळा असेल.

मग दर वेळचं पहिलं माप वेगळं काढलं, तीस झाली. सुनेने शिकवलं तसं बसलो. बेरीज करून तीसने भागली. एकशे एक्कावन्न. प्रत्येक मापातून ते वजा केलं, आलेल्याचा वर्ग, सगळ्या वर्गांची बेरीज. सुनेच्या पुस्तकात लिहिलं होतं भागताना तीसने नाही, एकोणतीसने भागायचं. का ते मला समजलं नाही, पण भागलं. मूळ काढलं. पसारा चौदा आणि वर थोडं. वहीत चार होता. साडेपाचने भागला, अडीचच्या वर आलं, दुप्पट पाच. पट्टा एकशे सेहेचाळीस ते एकशे छप्पन्न. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायला घेतलं आणि माझं मलाच कळलं की मी काय करतोय. एकशे चाळीसच्या आत येईपर्यंत परत परत करणार होतो. पेन ठेवून दिलं.

पट्ट्याचं खालचं टोकसुद्धा डॉक्टरांच्या रेघेच्या वर होतं.

संध्याकाळी दोघं आले, चहा झाला. मी कॅलेंडरची पानं टेबलावर ठेवली, शेजारी वही, शेजारी मशीन, आणि सांगितलं. डब्यांपासून सांगितलं. सून पानं घेऊन हिशेब तपासत बसली, तिला तेवढंच सुचलं असेल.

"गणित बरोबर आहे," ती हळू म्हणाली. "पण बाबा, पहिलं माप बऱ्याच जणांचं जास्तच येतं. काही डॉक्टर ते सोडून द्यायला सांगतात. त्यामुळे हेसुद्धा थोडं वरच असेल."

"मग सगळी एकाहत्तर धर."

"ती धरली तरी घोळ आहे. कमी आलं की तुम्ही थांबायचात ना. जास्त आल्यावर अजून एक, कमी आल्यावर बास. मग सरासरी खाली ओढली जाणारच. आता खरं किती होतं ते यातून निघणार नाही."

म्हणजे मी नुसतं लपवलं नव्हतं. मोजायची वाटच बंद करून टाकली होती.

मुलाने वही उघडली, मिटली. "डॉक्टरचं नाव घालून अर्ज तयार आहे माझा. उद्या पाठवणार होतो."

"म्हणून सांगितलं."

"नाहीतर नसतं सांगितलं?"

मी मशीनचा पट्टा गुंडाळायला घेतला.

"तेराव्याला मामा वही फिरवत होता, तेव्हा तुम्ही तिथेच बसला होता, बाबा."

"होय."

तो उठून गॅलरीत गेला. सून त्याच्यामागे जायला निघाली, मग परत बसली. मी कप उचलून धुवायला घेतले.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरकडे गेलो. सून म्हणाली, मी येते. म्हटलं नको. बाहेर बरीच माणसं होती, नंबर लावून बसलो. आत गेल्यावर डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले, काका, ऐकलं, फार वाईट झालं. मी म्हटलं, आधी हे बघा. कॅलेंडरची पानं दिली आणि मुलाच्या अर्जाचंही सांगितलं. त्यांनी सगळं वाचलं. बराच वेळ लावला, बाहेरून कंपाउंडर दोनदा डोकावून गेला.

"हे माझ्यासमोर आलं असतं तर गोळी वाढवली असती," ते म्हणाले. "दुसरीपण जोडली असती कदाचित."

"मग वाचली असती?"

"ते नाही सांगता येणार. गोळ्या नीट चालू असलेल्यांचंही होतं असं. धोका कमी झाला असता एवढं म्हणू शकतो." मग म्हणाले, "चूक माझीपण आहे. जिवंत माणसाची मापं इतकी सारखी येत नाहीत. मला ती वही बघून शंका यायला हवी होती. मी कौतुक करत बसलो."

मी म्हटलं, "डॉक्टर, यात वाटा मागू नका. तुम्हाला मी जे दाखवलं ते तुम्ही बघितलं."

ते माझ्या दंडाला पट्टा बांधायला लागले, तुमचं कधी बघितलं होतं विचारत. मी हात काढून घेतला, म्हटलं आज नको.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा बूट काढता काढता त्याने विचारलं. दोन दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. "काय म्हणाला?"

"मापं खरी असती तर गोळी वाढवली असती म्हणाले."

"आणि मग आई?"

"वाचली असती का ते सांगता येणार नाही म्हणाले."

"तुम्हाला काय वाटतं?"

स्वयंपाकघरात सून भांडी हलवायची थांबली. मला हो-नाहीच्या मधलं काहीतरी बोलता आलं असतं. पट्टा देता आला असता, इथून इथपर्यंत. मी म्हटलं, "वाचली असती, असं वाटतं मला."

त्याने बूट स्टँडवर ठेवले आणि आत गेला. दार लावलं नाही, एवढं मी बघितलं.

सून बाहेर आली. "बाबा, तसं सिद्ध होत नाही यातून. कशातूनच होत नाही."

"माहीत आहे पोरी," मी म्हटलं. "तुझं गणित मला समजलंय."